जिन्याखाली सायकल का गंजते?

बंगल्याला बाहेरून जिना असला, किंवा इमारतीच्या मागच्या बाजूने गच्चीकडे जाणारा उघडा जिना असला, की त्याच्या पोटाखालची तिकोनी जागा हमखास सायकलींच्या वाट्याला येते. डोक्यावर स्लॅब आहे, ऊन लागत नाही, जाण्यायेण्याची अडचण नाही. आणखी काय पाहिजे? जूनमध्ये सायकल तिथल्या भिंतीला टेकते, वर प्लास्टिकचा कागद पडतो आणि घरचे निर्धास्त होतात. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना तिची आठवण होते, तेव्हा चेन तांबूस होऊन आखडलेली असते, फ्रीव्हील जाम झालेलं असतं, हँडलच्या क्रोमवर तपकिरी ठिपके उठलेले असतात आणि सीटवर बुरशी. ‘पण पावसात तर नव्हती!’ हा त्यावरचा ठरलेला उद्गार.

उद्गार खरा असतो, त्यामागचा हिशेब तेवढा चुकलेला असतो. लोखंड गंजायला त्याच्यावर धो धो पाऊस पडावा लागत नाही. अंगावर किती पाणी पडलं याला फारसं महत्त्व नाही. धातू किती तास ओला राहिला यावर सगळं ठरतं. रोज पावसात भिजणारी, पण वाऱ्यावर सुकणारी आणि अधूनमधून तेल मिळणारी पेपरवाल्याची सायकल पावसाळ्यानंतरही कुरकुर न करता चालते. प्लास्टिकखाली चार महिने दमट राहिलेली नवी कोरी सायकल मात्र दुकानात न्यावी लागते. म्हणून जिन्याखाली सायकल ठेवताना जो काही उपाय कराल, त्याला एकच प्रश्न विचारायचा: याने ओले तास कमी होतात की वाढतात?

ओल्या तासांचं गणित

हा हिशेब धातुशास्त्रातही असाच मांडला जातो. हवेत धातू किती गंजेल याचा अंदाज बांधणारं आयएसओ ९२२३ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ‘ओलेपणाचा काळ’ अशी संकल्पना आहे: तापमान शून्य अंशाच्या वर आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल, ते तास ओले मोजायचे. पाऊस पडतो आहे की नाही, हे त्यात विचारलेलंच नाही. मुंबईत जुलै-ऑगस्टच्या सकाळी सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर असते. म्हणजे पाऊस उघडला असला तरी सायकलच्या दृष्टीने ते तास ओलेच. उलट पुण्यात एप्रिलच्या दुपारी ती २५ टक्क्यांच्याही खाली जाते. तेव्हा उघडी चेन दिवसेंदिवस तशीच राहिली तरी तिला फारसं काही होत नाही.

इंग्लंडमध्ये वर्नन या रसायनशास्त्रज्ञाने १९३०च्या सुमारास लोखंडाचे नमुने वेगवेगळ्या दमटपणात ठेवून पाहिले. साधारण ६० टक्के आर्द्रतेपर्यंत गंज अगदी संथ चालतो, तिथून पुढे मात्र एकदम वेग घेतो, असं त्यांना दिसलं. हवेत सल्फर डायऑक्साइडसारखी प्रदूषकं असली तर हा वेग आणखी वाढतो. कारण असं, की दमट हवेत धातूच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर बसतो. गंज ही विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने घडणारी रासायनिक क्रिया आहे आणि तो प्रवाह वाहायला एवढा थर पुरतो.

त्यात भर पडते दवाची. ३० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावतं, २५ अंशांना सुमारे २३ ग्रॅम. आता ८० टक्के आर्द्रतेची ३० अंशांची हवा घ्या. तिच्यात साधारण २४ ग्रॅम बाष्प असतं. रात्रभरात २५ अंशांपर्यंत थंड झालेल्या सायकलला ही हवा लागली, की जास्तीचं बाष्प पाणी होऊन धातूवर बसतं. जाड काँक्रीट आणि सायकलचे हब-क्रँकसारखे जड भाग उशिरा तापतात. त्यामुळे सकाळी बाहेर उबदार, ओलसर हवा सुटलेली असते तेव्हा जिन्याखालचं सगळं गारच असतं आणि त्याला घाम फुटतो. पाऊस न पडलेल्या दिवशीही हँडल ओलं लागतं ते त्यामुळे.

एका थेंबाचा प्रयोग

गंज कुठे लागतो हे समजून घ्यायला एक सोपा प्रयोग आहे. केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांनी तो १९२०च्या दशकात अभ्यासला आणि आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. लोखंडी पत्र्याचा तुकडा पॉलिश पेपरने चकचकीत घासा आणि त्यावर मिठाच्या पाण्याचा एक मोठा थेंब ठेवा. थोड्या वेळाने थेंबात तांबूस कडं उमटायला लागतं. थेंब पुसला की मात्र दिसतं, की लोखंड झिजलंय ते कड्याच्या आत, मधोमध.

थेंबाच्या काठाला हवेतला ऑक्सिजन सहज मिळतो, मध्यभागी तो कमी पोचतो. जिथे ऑक्सिजन कमी, तिथलं लोखंड विरघळायला लागतं. तिथून निघालेले इलेक्ट्रॉन धातूतून काठाकडे जातात आणि तिथल्या ऑक्सिजनच्या उपयोगी पडतात. दोन्हीकडचे पदार्थ पाण्यात जिथे भेटतात तिथे गंज साचतो. थोडक्यात, झाकलेली, हवा न लागणारी ओली जागा सगळ्यात आधी खाल्ली जाते.

हे तत्त्व घेऊन सायकलभर नजर फिरवा. मडगार्डच्या आतल्या बाजूला चिकटलेला चिखल, स्पोक रिममध्ये शिरतो तिथली निपलची खाच, चेनच्या कड्यांमधली पिन, कॅरिअरच्या क्लिपखालचा रंग उडालेला पट्टा, हँडलच्या रबरी मुठीखालचा पाइप: गंज नेमका इथे सुरू होतो. सायकलवर टाकून ठेवलेलं ओलं फडकंही हेच करतं. शिवाय गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि तो सच्छिद्र असतो. त्यामुळे तो वरचा रंग फुगवून उचलतो आणि स्वतःच पाणी धरून ठेवतो. ॲल्युमिनियमवरचं ऑक्साइड घट्ट बसून आतल्या धातूचं रक्षण करतं. लोखंडाच्या नशिबी ते नाही.

पाणी येतं कुठून?

काही विकत आणण्याआधी चांगला पाऊस लागलेला असताना दहा मिनिटं जिन्याखाली उभं राहावं. पाणी चार वाटांनी येतं, हे तेव्हा लक्षात येईल.

पहिली वाट वरची. पायऱ्यांच्या कोटा किंवा कडप्प्याच्या लाद्यांचे सांधे उघडे पडले, की पाणी त्यातून स्लॅबमध्ये मुरतं आणि दोन-तीन दिवसांनी खालून टपकतं. छताला पांढरी पावडर फुललेली दिसली तर समजावं की पाणी सिमेंटमधला चुना घेऊन खाली उतरतंय. हे थेंब अल्कधर्मी असतात. ते रंगावर पांढरे ओघळ ठेवतात आणि ॲल्युमिनियमची रिम किंवा हँडल असेल तर त्यावर कायमचे डाग पाडतात. इथे खालून प्लास्टर किंवा वॉटरप्रूफ रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. वरून येणारं पाणी तो थर ढकलून पाडतं. सांधे वरूनच भरायला हवेत आणि पायऱ्यांना बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा.

जिना लोखंडी असेल तर पायऱ्यांच्या फटींतून पाणी थेट खाली येतं, सोबत जिन्याचाच गंज घेऊन. तिथे पायऱ्यांखाली उताराने पत्रा बसवावा. उघड्यावरचा पत्रा रात्री लवकर गार होतो आणि त्याच्या खालच्या अंगाला दव धरतं. म्हणून त्याचा उतार असा ठेवावा की ओघळ भिंतीकडे किंवा बाहेर जाईल, सायकलवर येणार नाही.

दुसरी वाट बाजूची. जिन्याच्या कडेवरून पडणाऱ्या पागोळ्या दिसतात, पण काही पाणी स्लॅबच्या कडेला धरून पोटाकडे सरकत आत येतं आणि मग टपकतं. छज्ज्याच्या खालच्या कडेला गवंडी बोटभर खाच ठेवतात, ती यासाठीच. पाण्याची साखळी तिथे तुटते. जिन्याला ती नसेल तर ॲल्युमिनियमची छोटी कोनपट्टी कडेला चिकटवूनही काम होतं. वाऱ्याबरोबर येणारी झड अडवायला कोकणात पडवीला झापं बांधतात. जिन्यालाही तसाच तिरका आडोसा करता येतो. ताडपत्री वापरली तरी ती जमिनीपर्यंत सोडू नये. खाली आणि वर वीतभर फट ठेवली, की झड अडते आणि वारा खेळतो. दार बसवायचं असेल तर ते जाळीचं किंवा झडपांचं असावं, भरीव पत्र्याचं नको.

तिसरी वाट खालची. जिन्याखाली पुष्कळदा नुसती मुरमाची जमीन किंवा पातळ कोबा असतो. ओल त्यातून वर येत राहते, तिकोनाच्या सखल कोपऱ्यात साठते आणि हिरवं शेवाळ धरतं. कोबा करायचा झालाच तर खाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरून करावा, बाहेरच्या बाजूला उतार द्यावा आणि तोंडाशी दोन बोटं उंचीचा उंबरठा घालावा. तेवढं जमत नसेल तर सायकल विटांवरच्या फळीवर किंवा प्लास्टिकच्या जाळीदार पॅलेटवर ठेवावी. रबरी मॅट नको. तिच्याखाली पाणी महिनाभर सुकत नाही. भिंतीला हुक मारून सायकल टांगता आली तर उत्तम, फक्त भिंत कोरडी असावी आणि सायकल तिच्यापासून वीतभर लांब.

चौथी वाट हवेची. ती बंद करता येत नाही. तिचा बंदोबस्त सायकलच्या अंगावरच करावा लागतो. त्याकडे पुढे वळू.

शेजारी कोण आहे?

जिन्याखाली सायकल एकटी कधीच नसते. फिनेलचा कॅन, ब्लीचिंग पावडरची पिशवी, लाद्या घासायच्या ॲसिडची बाटली, खताचं अर्धं पोतं आणि जुनी इन्व्हर्टर बॅटरी अशी मंडळी तिथे मुक्कामाला असतात. ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. त्याचं झाकण जरा सैल असलं तरी वाफा सुटतात आणि दमट हवेत त्या वाफा जवळच्या लोखंडावर बसतात. ब्लीचिंग पावडरमधून हळूहळू क्लोरीन निघतो. बॅटरीतून सल्फ्युरिक आम्लाचे सूक्ष्म तुषार येऊ शकतात. एकाच जिन्याखाली दोन सायकली असून बाटलीजवळची आधी गंजली, तर नवल वाटायला नको. तेल पाण्याच्या पुसट थराला अडवतं, या वाफांपुढे त्याचा फार काळ निभाव लागत नाही. ही मंडळी आधी तिथून हलवावीत.

आणखी एक शेजारी म्हणजे विजेचे मीटर. जिन्याखाली मीटरबोर्ड असेल तर तिथे सायकल लावूच नये. ओलीचा प्रश्न बाजूला राहू दे. आग लागली तर हाच बाहेर पडायचा रस्ता असतो आणि मीटरपर्यंत हात पोचायला हवा. बॅटरीवरची सायकल जिन्याखाली ठेवली तरी तिची बॅटरी काढून घरात न्यावी आणि चार्जिंग जिन्याखाली करू नये.

कव्हर: घालावं की नाही?

सायकलला पायघोळ प्लास्टिकचं कव्हर घालणं हा सगळ्यात लोकप्रिय उपाय, आणि ओले तास वाढवायचा सगळ्यात खात्रीचा मार्गही तोच. जमिनीतून येणारी वाफ कव्हरखाली अडकते, रात्री त्याच्या आतल्या बाजूला पाणी धरतं आणि ते सायकलवरच गळतं. भिजून आलेली सायकल लगेच झाकली तर विचारायलाच नको.

वरून थेंब पडत असतील तर कव्हर लागणारच. मग ते हँडल आणि सीट झाकेल एवढंच असावं; चाकं आणि चेन उघडी राहू द्यावीत. प्लास्टिकऐवजी वाफ बाहेर जाऊ देणारं कापड मिळालं तर बरं. नुसती सुती चादर नको, ती पाणी पिऊन बसते. सीट चामड्याची असेल तर ती सीटपोस्टसकट काढून घरात न्यावी आणि पाइपचं तोंड रबरी बूच किंवा चिकटपट्टीने बंद करावं.

मे महिन्यातली दोन तासांची कामं

हवेतून येणाऱ्या ओलीवर एकच इलाज आहे, धातू आणि पाणी यांच्यामध्ये तेलाचा किंवा मेणाचा पडदा. तो पावसाआधी, कोरड्या दिवसांत चढवायचा. जून लागल्यावर लावलेलं ग्रीस पाण्याला आत कोंडून ठेवतं.

चेन आधी रॉकेल लावलेल्या ब्रशने साफ करावी, पुसावी आणि उन्हात पूर्ण सुकू द्यावी. मग प्रत्येक कडीच्या जोडावर तेलाचा एक-एक थेंब सोडून पेडल उलटं फिरवावं आणि दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून घ्यावं. तेलाचं काम आत, पिनपाशी आहे. वरून निथळणाऱ्या तेलाला फक्त धूळ चिकटते. गॅरेजमधलं काळं, जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून वापरू नये. त्यात आम्लं आणि धातूचा चुरा असतो. खोबरेल तेल थंडीत गोठतं आणि जुनं झालं की चिकट होतं. शिवणयंत्राचं तेल चांगलं, पण पातळ. पावसात ते लवकर धुऊन जातं. चेनसाठी मिळणारं जाडसर तेल पावसाळ्याला योग्य.

डब्ल्यूडी-४०चा डबा हल्ली घराघरांत असतो. ते १९५३मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला तयार झालं, पाणी हटवण्यासाठी. नावातली पहिली दोन अक्षरंही तेच सांगतात. भिजलेल्या चेनमधलं पाणी काढायला ते उत्तम. पण त्याचा थर पातळ असतो, चार महिने टिकत नाही. त्याच्यामागून खरं तेल घालावंच लागतं.

स्पोक, निपल, नट-बोल्ट आणि क्रोमचे भाग यांवर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. रंगावर गाडीचं मेणाचं पॉलिश लावावं, आणि खवले उडालेल्या जागी आधी प्रायमर, मग रंगाचा ठिपका. रिमची ब्रेक लागते ती बाजू आणि डिस्क ब्रेकची चकती यांना मात्र तेलाचं बोट लागता कामा नये. नाहीतर सायकल गंजणार नाही, पण थांबणारही नाही.

आता फ्रेमच्या आतला भाग, ज्याच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. सीटपोस्ट जिथे पाइपात शिरतो तिथल्या फटीतून मागच्या चाकाचं पाणी आत जातं आणि उतरत उतरत पेडलच्या धुरीच्या कवचात साठतं. स्टीलची फ्रेम इथे आतून गंजते. बाहेर रंग फुगतो तोवर बराच उशीर झालेला असतो. सीटपोस्ट बाहेर काढून सायकल उलटी करावी. पाणी निघालं तर एक दिवस तशीच सुकवावी आणि मग पाइपात थोडं तेल सोडून सायकल सगळ्या बाजूंनी कलती करावी. अनेक फ्रेमना धुरीच्या कवचाला खाली बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलेलं असलं तर तारेने मोकळं करावं. सीटपोस्ट ॲल्युमिनियमचा आणि फ्रेम स्टीलची असेल तर बसवताना ग्रीस हवंच, कारण दोन वेगळे धातू ओलीत एकत्र राहिले की ॲल्युमिनियम झिजतं आणि पोस्ट पाइपात कायमचा अडकतो. हब आणि धुरीतले छर्रे स्वतः बदलणं जमणार नसेल तर ओव्हरहॉलिंग दिवाळीनंतर न करता मेमध्ये करून घ्यावं.

किनाऱ्यावरचा नियम वेगळा

अलिबाग, मालवण, पणजी इथे हवेतून मीठ येतं. साधं मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला पाणी ओढून घेतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे मीठ बसलेला धातू एरवी कोरड्या समजल्या जाणाऱ्या हवेतही ओलाच राहतो. त्यामुळे किनाऱ्यावर जिन्याखालच्या सायकलला एरवी उलटा वाटणारा सल्ला लागू पडतो: ती अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावी. पावसात न भिजणाऱ्या सायकलवरचं मीठ दुसरं कुणी धुणार नसतं. धुतल्यावर पुसून, सुकवून लगेच तेल घालायचं. मचूळ पाण्याच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी यासाठी चालणार नाही.

न चालणारे उपाय

सिलिका जेलच्या पुड्या बंद डब्यात काम करतात. उघड्या जिन्याखाली त्या लवकरच हवेची बरोबरी करून थांबतात. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे तर धोक्याचेच. त्यात साठणारं पाणी म्हणजे तीव्र खारं द्रावण, सांडलं तर ज्याच्यावर पडेल ते लोखंड खाणारं. कोपऱ्यात मिठाची पिशवी ठेवण्याचाही परिणाम तोच.

गंज काढायला चिंच किंवा व्हिनेगर चालतं. क्रोमवरचे ठिपके ओल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने घासले तरी निघतात. पण आम्ल लावलं की ते धुऊन, सुकवून, तेल घालेपर्यंत काम पुरं होत नाही. अर्धवट सोडलेली अशी सफाई दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त गंज दाखवते.

दसऱ्याला सायकल धुऊन तिला झेंडूचा हार घालतात. दोन्ही करावं, फक्त पाण्याचा पाइप थेट हबवर आणि धुरीवर मारू नये आणि ओला हार दुसऱ्या दिवशी उतरवावा. हँडलवर आठवडाभर कुजणारा हार आणि ओलं फडकं यांत लोखंडाला फरक कळत नाही.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा सायकल बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसणं, चाकं फिरवणं आणि चेनवर हात फिरवणं, एवढं केलं तरी पुरतं. चालत्या सायकलचं तेल कड्यांमध्ये फिरत राहतं, अडकलेलं पाणी झटकलं जातं आणि कुठे काय बिघडतंय ते चालवणाऱ्याला वेळेवर कळतं. जिन्याखाली गंजणाऱ्या सायकली पाहिल्या तर बऱ्याचशा मुलांना लहान झालेल्या असतात. त्यांना कुणी चालवणार नसतं आणि आठवड्याला कुणी पुसणारही नसतं. त्यांच्यासाठी कव्हर, हुक, पत्रा यांवर खर्च करू नये. मेमध्ये तेल घालून, हवा भरून त्या कुणाला तरी देऊन टाकाव्यात. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि लांबून पायी येणाऱ्या एखाद्या मुलाला सायकल तेव्हाच हवी असते.